एकाच रुग्णासाठी घडवलेले औषध: के-एबीई जनुकोपचाराचे परीक्षण

एखाद्या औषधाचे परीक्षण लिहायचे तर ते घेतलेले पुष्कळ रुग्ण असावे लागतात, निदान ते कुठेतरी विकत तरी मिळावे लागते. के-एबीईच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नाहीत. ते फिलाडेल्फियातील एका बाळासाठी तयार झाले, फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ या काळात त्याचे तीन डोस त्या बाळाला दिले गेले, आणि जगातल्या दुसऱ्या बहुतेक कोणालाही ते जसेच्या तसे उपयोगी पडणार नाही. तरीही ते परीक्षणास पात्र आहे असे मला वाटते. मे २०२५ मध्ये त्याचा शोधनिबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कौतुक भरपूर झाले. पण औषध म्हणून ते नेमके काय करते, किती करते आणि त्याला खर्च काय येतो, ही चौकशी त्या मानाने मागेच राहिली.

औषधामागे दोन नावे प्रमुख आहेत. डॉ. किरण मुसुनुरू हे पेनसिल्वेनिया विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ, तर डॉ. रेबेका अहरेन्स-निक्लस या फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधील चयापचय विकारांच्या तज्ज्ञ. हृदयरोगतज्ज्ञ यकृताच्या वाटेला कसा गेला, याचे उत्तर सोपे आहे. मुसुनुरूंचे आधीचे काम कोलेस्टेरॉलवर होते. यकृतातील पीसीएसके९ हे जनुक बंद केले की रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल उतरते, आणि त्यासाठी यकृतातल्या पेशींपर्यंत जनुक-संपादनाचे साहित्य कसे पोहोचवायचे, हा प्रश्न त्यांनी आणि व्हर्व्ह थेरप्युटिक्स या कंपनीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे हाताळला होता. के-एबीई सहा महिन्यांत तयार झाले असे जे सांगितले जाते ते खरे आहे, परंतु त्या सहा महिन्यांच्या पाठीशी ही जुनी पुंजी होती, हे विसरून चालणार नाही.

आता आजाराविषयी. प्रथिने पचली की शरीरात अमोनिया तयार होतो, आणि यकृत त्याचे यूरियात रूपांतर करून तो लघवीवाटे बाहेर टाकते. या यूरिया चक्राची पहिली पायरी सीपीएस१ नावाचे एन्झाइम सांभाळते. ते नसेल तर अमोनिया रक्तात साठतो, तेथून मेंदूवर जातो, आणि जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच मूल निपचित पडू लागते. हा आजार साधारण तेरा लाख जन्मांमागे एकाला होतो आणि बालपणीच तो झालेल्यांपैकी सुमारे निम्मी मुले दगावतात. विशेष म्हणजे अशा मुलाचे यकृत इतर बाबतींत ठीकठाक असते. हजार कामांपैकी एकच काम त्याला येत नाही, आणि तरीही त्यावरचा पक्का इलाज म्हणजे ते संपूर्ण यकृत काढून दुसरे बसवणे हाच आतापर्यंत होता. बाळ प्रत्यारोपणाजोगे मोठे होईपर्यंत त्याला मोजून-मापून प्रथिने द्यायची आणि ग्लिसेरॉल फेनिलब्युटिरेटसारखे, नायट्रोजन आडवाटेने बाहेर काढणारे औषध चालू ठेवायचे. मधल्या काळात साधी सर्दी झाली तरी शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते, अमोनिया उसळतो आणि मेंदूची जी हानी होते ती पुढे प्रत्यारोपणानेही भरून निघत नाही.

या बाळाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा सीपीएस१ जनुकाच्या दोन सदोष प्रती मिळाल्या होत्या. के-एबीईने त्यांतली एकच प्रत दुरुस्त करायला घेतली. हे एन्झाइम दीड हजार अमिनो आम्लांच्या साखळीने बनते. त्या प्रतीत एका अक्षराच्या चुकीमुळे ३३५ व्या जागी ‘थांबा’ असा संदेश उमटला होता आणि साखळी तिथेच तुटत होती. बेस एडिटर हे साधन डीएनएचे दोन्ही धागे न तोडता नेमके ते एक अक्षर बदलते. सबंध शिवण उसवण्याऐवजी चुकलेला एकच टाका बदलावा, तसे हे काम आहे. या साधनाचा नकाशा म्हणजे गाइड आरएनए आणि त्याची कृती म्हणजे एमआरएनए, हे दोन्ही चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून शिरेवाटे दिले जातात. असे कण रक्तात शिरल्यावर बहुतांशी यकृतच त्यांना उचलून घेते. यकृताचे जनुकीय आजार या क्षेत्रात सर्वांत पुढे का आहेत, त्याचे रहस्य बरेचसे या एका गोष्टीत आहे. मेंदू किंवा स्नायू यांच्याबाबत इतकी सोयीची वाट अजून सापडलेली नाही.

औषधाच्या रचनेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही विषाणूऐवजी चरबीचे कण वापरण्याचीच आहे. बाजारात आलेले यकृतामार्फत चालणारे बहुतेक जनुकोपचार, उदाहरणार्थ हिमोफिलिया-बी साठीचे हेमजेनिक्स, एएव्ही या विषाणूच्या आधारे दिले जातात. तिथे नवे जनुक पेशीत पाहुण्यासारखे सुटे राहते. प्रौढ माणसात ते चालून जाते. पण तान्ह्या बाळाचे यकृत झपाट्याने वाढते, पेशी विभागत जातात आणि पाहुणा विरळ होत जातो. शिवाय एकदा डोस दिला की त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि दुसऱ्या डोसची वाट जवळजवळ बंद होते. के-एबीईमध्ये दुरुस्ती मूळ जनुकातच होते, त्यामुळे पेशी विभागली तरी ती टिकते, आणि चरबीचे कण पुन्हा देता येतात. पहिला डोस मुद्दाम लहान, किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवला गेला, आणि तो सोसला हे पाहून पुढचा तिप्पट केला गेला. इतक्या लहान मुलावर पहिल्यांदाच वापरायच्या औषधात अशी पायरीपायरीने जाण्याची मुभा असणे, ही माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

परिणाम काय झाला? पहिल्या डोसनंतरच्या सात आठवड्यांत बाळाला आहारातून अधिक प्रथिने देता येऊ लागली, नायट्रोजन बाहेर काढणाऱ्या औषधाचे प्रमाण निम्म्यावर आणता आले, आणि मध्यंतरी विषाणूजन्य आजार होऊनही ही घडी बिघडली नाही. ज्याने या मुलांचे आजारपण जवळून पाहिले आहे त्याला यातला शेवटचा भाग सर्वांत बोलका वाटेल. जून २०२५ मध्ये बाळ घरी गेले. जन्मापासूनचा जवळजवळ सगळा काळ त्याने रुग्णालयात काढला होता.

तरीही येथे परीक्षकाने हात आखडता घ्यायला हवा. यकृताच्या किती टक्के पेशींत दुरुस्ती झाली, हे पाहायचे तर यकृताचा तुकडा काढून तपासावा लागला असता. एवढ्या नाजूक बाळावर तो धोका पत्करणे योग्य नव्हते, म्हणून तो काढला गेला नाही. निर्णय बरोबरच होता, पण त्यामुळे औषधाचा परिणाम आपल्याला आहार आणि औषधमात्रा यांच्या आडूनच जोखावा लागतो. वाढत्या वयाबरोबर अमोनियाचे गणित थोडेफार आपोआपही बदलते, आणि तुलनेला दुसरा रुग्ण नाही. औषध पूर्ण बंद झालेले नाही, निम्मे झाले आहे. शोधनिबंधात कर्त्यांनी स्वतः ‘बरा झाला’ असा दावा केलेला नाही आणि दीर्घ पाठपुराव्याची गरज स्पष्ट लिहिली आहे. मथळे देणाऱ्यांनी हा संयम पाळला असता तर बरे झाले असते. माझ्या मते या औषधाने जीवघेणा आजार सौम्य आजाराच्या पंगतीत आणून बसवला, आणि तेवढेच श्रेय त्याला निःशंकपणे द्यावे.

या शहराच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे परीक्षण अपुरे राहील. याच पेनसिल्वेनिया विद्यापीठात सप्टेंबर १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या मुलाचा जनुकोपचाराच्या चाचणीत, डोस दिल्यानंतर चौथ्या दिवशी मृत्यू झाला. त्याचा आजार ओटीसी या एन्झाइमच्या कमतरतेचा, म्हणजे याच यूरिया चक्रातील लगेच पुढच्या पायरीचा होता. त्याला जनुक वाहून नेणारा अ‍ॅडेनोव्हायरस हा विषाणू दिला गेला होता आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्यावर एवढा जोराचा हल्ला चढवला की एकामागून एक अवयव निकामी झाले. आहार आणि औषधांवर त्याचा आजार आटोक्यात होता. त्या चाचणीतून त्याला स्वतःला फायदा व्हावा असे गृहीतच नव्हते. अत्यवस्थ बाळांचे आईवडील दडपणाखाली संमती देतील, म्हणून त्यांना वगळून तुलनेने धडधाकट प्रौढांना निवडावे, असा तेव्हाचा विचार होता. २०२५ मध्ये निवड नेमकी उलटी झाली: ज्याला गमावण्यासारखे थोडे आणि मिळण्यासारखे फार, त्यालाच औषध मिळाले. संमतीवरच्या दडपणाचा मुद्दा यामुळे नाहीसा होत नाही, पण दोन्हींपैकी मला दुसरी निवड अधिक न्याय्य वाटते.

तयार करण्याच्या वेगाला मात्र पूर्ण गुण. बाळाचा नेमका बिघाड कळताच त्या बिघाडाच्या पेशी बनवणे, त्यांवर निरनिराळे एडिटर तपासणे, उंदरांत परिणाम आणि माकडांत सुरक्षितता पाहणे, भलत्याच जागी बदल होतो का याची छाननी करणे आणि माणसाला देण्याजोग्या शुद्धतेचा साठा तयार करणे, ही सगळी कामे एकापुढे एक न लावता शक्य तितकी बरोबरीने चालवली गेली. अल्डेव्हरॉन, इंटिग्रेटेड डीएनए टेक्नॉलॉजीज आणि अ‍ॅक्युइटास या कंपन्यांनी आपापला भाग सांभाळला, बर्कलीतील संशोधकांनी छाननीत हात दिला, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अर्ज आल्यावर आठवड्याभरात परवानगी दिली.

किंमत हा दुखरा भाग. या औषधावर किमतीची चिठ्ठी नाही, कारण कंपन्यांनी बराचसा भार स्वतः उचलला आणि उरलेला सरकारी अनुदानातून निघाला. मुसुनुरूंनी खर्चाची तुलना यकृत प्रत्यारोपणाशी, म्हणजे अमेरिकेतल्या आठ लाख डॉलरहून अधिक रकमेशी केली आहे. ३५ लाख डॉलरच्या हेमजेनिक्सपुढे ही रक्कम कमी वाटते, परंतु हेमजेनिक्स एकदा मंजूर झाले की अनेकांना देता येते आणि के-एबीई एकालाच. रुपयांत ती सात कोटींच्या आसपास जाते. आपल्याकडे दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात यूरिया चक्राचे विकार धरलेले आहेत, मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे, आणि मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. प्रत्यारोपणाला त्या रकमेचा आधार होऊ शकतो. असल्या उपचाराला नाही. त्याआधीची अडचण तर त्याहून साधी आहे. नवजात बाळ सुस्त झाले की जंतुसंसर्ग समजून उपचार सुरू होतात आणि अमोनिया तपासायचे राहून जाते. ती तपासणी वेळेत झाली नाही तर उत्तमातले उत्तम एडिटरही उशिराच पोहोचणार.

के-एबीईकडे पाहताना म्हणून मी त्याला कुपीतले औषध न मानता कार्यशाळेचा पहिला नमुना मानतो. चरबीचे कण तेच, एडिटर बहुतांशी तोच, बदलायचा तो फक्त गाइड आरएनए. मग दर वेळी सगळी छाननी पहिल्यापासून कशाला, हा मुसुनुरू आणि अहरेन्स-निक्लस यांचा प्रश्न रास्त आहे. यूरिया चक्राच्या निरनिराळ्या बिघाडांना एकाच चाचणीच्या छत्राखाली घेण्याची त्यांची योजना आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या प्रमुखांनीही मोजक्याच रुग्णांवरून अशा उपचारांना मान्यता देण्याचा नवा मार्ग मांडला. त्या चाचणीच्या अहवालात मी दोन गोष्टी प्रथम शोधेन: दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बाळामागे खर्च किती उतरला याचा बाबवार हिशेब, आणि नायट्रोजनचे औषध पूर्णपणे सोडता आलेल्या मुलांची संख्या.