लातूरच्या दुकानातला बॅक्टेरियाचा स्लाईड बॉक्स

पोरगी नीटची तयारी करायलीय म्हणून लातूरच्या एका दुकानातून बॅक्टेरियाच्या तयार स्लाईडचा बॉक्स घेतला. माल चांगलाय राव. गोल कॉकस, काडीसारखा बॅसिलस, पिळाचा स्पायरिलम मस्त वेगळे दिसतेत, पण मायक्रोस्कोपची हंड्रेडची ऑइल इमर्शन लेन्स (काचेवर तेलाचा थेंब टाकून वापरायची) लागते बरं का, चाळीसच्या लेन्सनं नुसते ठिपके. ग्रॅम स्टेनची, म्हणजे बॅक्टेरिया रंगवून दोन गटांत ओळखायच्या पद्धतीची, स्लाईड तर लई भारी, ज्यांची पेप्टिडोग्लायकनची (पेशीभोवतीच्या जाळीदार पदार्थाची) भिंत जाड ते जांभळे राहतेत अन् पातळवाले अल्कोहोलनं रंग सोडून सॅफ्रानिन या लाल रंगानं गुलाबी होतेत, मूळ पद्धत १८८४ ची, हान्स ग्रॅमची, अजून चालूय. सोबतचा चार्ट मात्र बेकार, निळं-हिरवं शेवाळ वनस्पतीत टाकलंय! अहो ते सायनोबॅक्टेरिया, पेशीत केंद्रकच नाही, मोनेरात, म्हणजे केंद्रक नसलेल्या जीवांच्या गटात येतंय. बॉक्स घ्या, चार्ट दुकानातच ठेवा.