चुलीतली की वेदीतली? हडप्पाकालीन त्रिकोणी वड्या

तळहातावर मावणारी, जाडजूड, कोपरे गोलसर असलेली भाजक्या मातीची त्रिकोणी वडी. हडप्पा, मोहेंजोदडो, कालीबंगन इथल्या उत्खननांत अशा वड्या ढिगाने निघाल्या. कशासाठी होत्या त्या?

पहिलं उत्तर घरगुती आहे. भाजकी माती एकदा तापली की सावकाश निवते. निखाऱ्यांत वडी ठेवली की धग टिकते, जळण वाचतं. चुलींत त्या सापडल्याही आहेत.

दुसरं उत्तर धार्मिक. राजस्थानात कालीबंगनला १९६०च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या उत्खननात ओळीने खड्डे मिळाले, आत राख, कोळसा आणि याच वड्या. त्यांना अग्निवेदी म्हटलं गेलं. तिथल्याच एका वडीवर एका बाजूला शिंगं असलेली आकृती कोरली आहे, दुसऱ्या बाजूला दोरीने जनावर ओढणारा माणूस. ही वडी कुणी सहज चुलीत सारली असेल, असं मनाला पटत नाही.

तरीही मला चुलीचं पारडं जड वाटतं. कोरलेली वडी हा अपवाद. बाकीच्या जवळपास सगळ्या कोऱ्या, आणि कितीतरी तर जमिनीच्या भरावातही घातलेल्या. देवाची वस्तू कुणी पायाखाली अंथरेल का?