पिनबॉल मशीनची ‘फुल सर्व्हिस’ आणि माझे साडेएकवीस हजार

नाशकात मखमलाबाद रोडला आमचं मिसळीचं हॉटेल आहे. रविवारी नंबर लागायला अर्धा-पाऊण तास जातो. तोवर पोरांनी काय करायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधून जुनं पिनबॉल मशीन आणलं. १९८०च्या दशकातलं, अमेरिकन. पोरांचा जीव जडला त्याच्यावर आणि माझाही.

यंदा पावसाळा संपता संपता डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की उतारावरून येणारा बॉल वर टोलवणारी छोटी दांडी, मंदावला. बटण दाबलं तरी बॉल अर्ध्यातून परत यायचा. ओळखीच्या ओळखीतून एक कारागीर मिळाला. ‘शेठ, चारही कॉइल गेल्यात. कॉइल, स्लीव्ह, प्लंजर, रबर सगळं बदलतो, फुल सर्व्हिस करून देतो.’ आकडा सांगितला २१,५००. अर्धे यूपीआयवर घेतले, अर्धे रोख. बिल मागितलं तर म्हणाला, नंतर पाठवतो. इथेच मी थांबायला हवं होतं.

काम सुरू असताना गल्ल्यावर गर्दी होती, मी जवळ उभा राहिलो नाही. तीन तासांनी त्याने बोलावलं. मशीन असं काही पळत होतं की मला भरून आलं. जाताना त्याने एक पिशवी हातात दिली, ‘हे काढलेले जुने पार्ट.’ मीही विश्वासाने ती कपाटात ठेवून दिली.

पंधरा दिवसांत फ्लिपर पुन्हा जड झाला, आधीपेक्षा जास्त. फोन केला तर ‘उद्या येतो, परवा येतो’. मग एका रविवारी एका मुलाने बटण धरून ठेवलं होतं आणि काचेखालून धूर निघाला. जळक्या वॉर्निशचा वास हॉटेलभर पसरला. मी धावत जाऊन प्लग ओढला. मुलाला काही झालं नाही, पण त्याच्या आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

आमच्या पंख्यांच्या मोटारी भरून देणारे अंबडचे एक काका आहेत. त्यांना बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून खेळाची फळी वर उचलली. फ्लिपरखाली कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, तिच्या आत नायलॉनची नळी म्हणजे स्लीव्ह, आणि नळीत मागेपुढे सरकणारा पोलादी दांडा म्हणजे प्लंजर. ही जागा कोरडीच चालायची असते. आमच्या नळीतून दांडा ओढून काढावा लागला. बोटाला काळा, डिंकासारखा चिकट लगदा लागला. त्या कारागिराने स्प्रेचं तेल मारलं होतं! तेल मारलं की पहिले काही दिवस दांडा सुळकन सरकतो, मग त्याच तेलात धूळ आणि लोखंडाचा बारीक चुरा बसून नळी तुंबते. त्या दिवशी मशीन का पळालं, ते मला असं कळलं.

काकांनी कॉइलच्या टोकांवरचं सोल्डर दाखवलं. काळवंडलेलं, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं. एकही कॉइल बदललेली नव्हती. प्लंजरची टोकं ठोके खाऊन पसरलेली, तशीच. मग कपाटातली पिशवी काढली. आत पितळी नळ्या होत्या. आमच्या मशीनमध्ये पांढऱ्या नायलॉनच्या! दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या मशीनचं भंगार माझ्या हातावर ठेवून तो गेला होता.

धुराचं कारण तर अजून संतापजनक. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात. एक जोरदार झटका देणारा, दुसरा फ्लिपर नुसता वर धरून ठेवणारा. फ्लिपर पूर्ण वर गेला की शेवटी एक पत्तीचा स्विच उघडतो आणि करंट कमी होतो. त्याने फिटिंग करताना ती पत्ती वाकवली होती, त्यामुळे स्विच उघडतच नव्हता. जोरदार वेढा चालूच राहिला आणि तापून जळाला. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली होती. पैशाचं मी एकवेळ सोडून देईन, पण पोरं हात लावतात त्या मशीनमध्ये हे करायला मन कसं धजतं?

आता साफसफाई मी स्वतः करतो. प्लग काढायचा, नळी आणि दांडा बाहेर घ्यायचा, मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, तेलाचा थेंबही नाही. नळी खरवडली असेल तर नवीच घालायची, ती स्वस्त असते. फ्यूज मशीनवर लिहिलेल्या अँपिअरचाच.

तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर समोर बसून काम करून घ्या. आधी फळीखालचे फोटो काढा, नवे पार्ट बसवण्याआधी हातात घेऊन बघा आणि काढलेले पार्ट त्या फोटोंशी ताडून पाहा. स्प्रेचा डबा बाहेर आला की काम थांबवा. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, जळलेली कॉइल आणि त्या पितळी नळ्यांचे फोटो सोबत जोडलेत. त्याचा फोन तेव्हापासून बंद लागतो. नाशकात अजून कुणाला अशाच पितळी नळ्यांची पिशवी मिळाली असेल तर मला जरूर कळवा, तक्रार एकत्र पुढे नेऊ.