प्शेमिशल ते कीव, रात्रीची ट्रेन: चार बर्थचं कूपे कसं आहे

युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे पत्रकार असो नाहीतर पंतप्रधान, कीवला जायचं तर बहुतेक सगळे पोलंडमधल्या प्शेमिशलला येऊन ट्रेन पकडतात. बायडन फेब्रुवारी 2023 मध्ये रेल्वेनेच गेले, मोदी ऑगस्ट 2024 मध्ये. त्यांचे डबे अर्थात वेगळे हो. युक्रेनचे रूळ 1520 मिमीचे आणि पोलंडचे 1435, पण तिकडची रुंद लाईन या स्टेशनपर्यंत येते म्हणून गाडी बदलायची भानगड इथेच उरकते. पासपोर्टची लाईन लांब असते, वेळ हाताशी ठेवून या. बाईमाणूस एकटी असाल तर अ‍ॅपवर फक्त बायकांचं कूपे मिळतं, मी तेच घेतलं.

बर्थ ठीक, चादरी सीलबंद पाकिटात, चहा काचेच्या ग्लासात आणि ग्लास धातूच्या नक्षीदार होल्डरमध्ये. बाकी आराम वगैरे बघायला कोणी या गाडीत बसत नाही.

आता भीतीचं. फ्रंटजवळ काम करताना मला इतकी भीती वाटत नाही, तिथे हातात कॅमेरा असतो, कोणाशी तरी बोलायचं असतं, आडोसा कुठेय ते बघून ठेवलेलं असतं. इथे काळोखात आडवं पडलेलं असताना गाडी मध्येच कुठेतरी थांबते आणि काही कळत नाही, पळायला जागा नाही, करायला काम नाही, नुसतं छातीतलं धडधडणं ऐकत पडायचं. त्यात हवाई हल्ल्याचं अ‍ॅप प्रांताप्रमाणे वाजतं, म्हणजे एका प्रांतात सगळं शांत आणि गाडी पुढच्यात शिरली की फोन बोंबलायला लागतो. आणि हे मनाचे खेळ नाहीत, 8 एप्रिल 2022 ला क्रामातोर्स्क स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या लोकांवर मिसाइल पडलं, 50 पेक्षा जास्त माणसं गेली.

तर त्या रात्री फोन वाजला तेव्हा समोरच्या बर्थवरच्या आजी उठल्या, माझी उशी उचलली आणि दाराच्या बाजूला ठेवली. डोकं खिडकीकडे नको, काच फुटली तर, हे सगळं हातवाऱ्यांनी. मग माझ्या पायावर ब्लँकेट टाकलं आणि स्वतः जाऊन झोपल्यासुद्धा! डब्याच्या कंडक्टर बाई आल्या, पडदा नीट खाली आहे ना ते बघितलं, चहा हवा का विचारलं. घाबरू नकोस, काही होणार नाही असं दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही आणि मला ते फार बरं वाटलं, कारण म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला नसता. फोन वाजतच होता, पण चहा हवा का याला उत्तर तर द्यावंच लागतं ना.

याच रेल्वेने युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांत लाखो लोकांना फुकट बाहेर काढलं. पण मार्च 2022 मध्ये खार्कीवच्या स्टेशनवर आपल्या विद्यार्थ्यांना गाडीत चढू दिलं नाही, अशा तक्रारीही त्यांनी तेव्हा केल्या होत्या, ते विसरून नुसते गोडवे गायला मला जमणार नाही. तेव्हा प्लॅटफॉर्मवरची चेंगराचेंगरी वेगळी आणि आत्ता रिझर्व्ह बर्थवरचा मायेचा हात वेगळा. माझ्याकडे तिकीट होतं, प्रेस कार्ड होतं, परत जायला देश होता.

परतीच्या गाडीत बायका आणि मुलंच जास्त दिसतील, कारण लढायच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायची परवानगी नाही. पोरं रात्रभर जागी असतात, इयरप्लग न्या असं सांगणार होते, पण अलर्ट ऐकू यायला हवा म्हणून नकाच नेऊ. तिकिटं पटकन संपतात म्हणून परतीचं जातानाच काढा, आणि चहासाठी सुट्टे रिव्निया, म्हणजे तिकडचे पैसे, खिशात ठेवा.