सुरमई नसते त्या दिवशी काय वाढतात? कोकणातल्या घरगुती खोल्या-जेवणाचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी बर्फ कारखान्यांचा माणूस. अमोनियाचे कॉम्प्रेसर उघडायचे, रिंगा-व्हॉल्व्ह बदलायचे, पुन्हा चालू करून द्यायचे, हा धंदा. राहायला कोल्हापुरात. मागच्या नोव्हेंबरात कंपनीनं हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि या जुलैअखेरपर्यंत त्या पट्ट्यात मी ६१ रात्री काढल्या. बिलं लावायला वही ठेवतो म्हणून आकडा माहीत आहे. त्यातल्या पहिल्या चार महामार्गावरच्या लॉजवर गेल्या. समुद्र तासाभरावर आणि ताटात पनीर हंडी. चौथ्या रात्री बॅग उचलली आणि तेव्हापासून जिथे जिथे 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशी पाटी दिसली तिथे शिरलो. अशी अकरा घरं झाली. काहींत एकदाच, दोन-तीन घरांत इतक्यांदा की आता कुत्रंही भुंकत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आली, आणि घरामागे दोन खोल्या, पुढे पडवीत चार टेबलं असा प्रकार किनाऱ्यावर गावोगाव दिसू लागला. रत्नागिरी, रायगडातही तेच. याला हॉटेल समजून जाऊ नका. रात्री साडेदहाला पोचून 'काय आहे?' विचाराल तर उत्तर 'झोपा' असं मिळेल. खोली दुय्यम, स्वयंपाकघर मुख्य, हे डोक्यात ठेवलंत तर नऊ महिन्यांत माझी झाली तेवढीच चिडचिड तुमची होईल, जास्त नाही.

आता मुद्द्याचं. मी ज्यावर पोट भरतो तो बर्फच मला इथे कामाला आला. मोठी बोट बर्फ भरून निघते ती चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं परतते. म्हणजे बंदरावर 'आत्ता आली' म्हणून मिळणारी सुरमई बर्फावर चार दिवस झोपलेली असू शकते. त्यात वाईट काही नाही. नीट बर्फातला मासा उत्तम राहतो. वाईट होतं ते पुढे. तोच मासा घरच्या फ्रीजरमध्ये कोंबला की तो सावकाश गोठतो, आत बर्फाचे मोठे कण धरतात आणि मांस आतून फाटतं. बाहेर काढला की पाणी सुटतं. तव्यावर टाकला की रवा एकीकडे, तुकडा दुसरीकडे. तोंडात कापूस. हे मी दिवसभर मशीनवर बघतो, रात्री ताटात ओळखतो. म्हणून कुठल्याही जागी पहिल्यांदा माझी नजर जाते ती फ्रीजरकडे. भलामोठा आडवा फ्रीजर आणि हातात चकचकीत मेनूकार्ड असेल तर मी अंडा करी मागवतो.

उलट जिथे मेनूकार्डच नाही, तिथे राहा. मालवणजवळ देवबागला एक घर आहे, एका बाजूला कर्लीची खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये माडांची पट्टी. संध्याकाळी चहा देताना काकी उभ्या राहतात आणि विचारतात, 'उद्या काय खातलात?' पहिल्यांदा मी ऐटीत सुरमई म्हणालो. दुसऱ्या दिवशी अकराला साइटवर फोन आला. 'दादानूं, इसवण नाय गावली. पेडवे आसत, चलतले मां?' इसवण म्हणजे सुरमईच, पण पेडवे म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. घाटावरचा माणूस, आमची मासळीची ओळख सुरमई, पापलेट, बांगड्यावर संपते. दुपारी ताटात बोटभर लांबीच्या माशांचं तिखलं आलं, कोकमाचं आंबट, तिरफळाचा वास, रस्सा जेमतेम भिजण्यापुरता. काटे काढत काढत पाऊण तास जेवत होतो. त्या दिवसानंतर त्या घरी मी कधी माशाचं नाव घेतलं नाही. 'जे गावेल ते' एवढंच सांगतो. त्यात मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, मटण मिळालं, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या, रेणव्या मिळाल्या. जानेवारीत एकदा सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढत होते, मीही हौसेनं दोराला हात लावला. हाताला फोड आले आणि पाच बांगडे वाट्याला आले. काकींनी ते तळून देताना माझ्याकडून बांगड्याचे पैसे घेतले नाहीत, तेलाचे घेतले.

तिरफळाबद्दल सांगायलाच हवं, कारण बहुतेक हॉटेलं ते टाकतच नाहीत. मिऱ्याच्या मोठ्या दाण्यासारखं फळ, आतलं काळं बी काढून टाकायचं, साल नुसती ठेचायची आणि रश्श्यात शेवटी घालायची. जीभ किंचित बधिर होते. बांगडा, तारली अशा वासाच्या, तेलकट माशांनाच ते लागतं. पापलेटाच्या आमटीत तिरफळ टाकलेलं मिळालं तर समजा स्वयंपाकी बाहेरून आलाय.

सोलकढी ही दुसरी परीक्षा. आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस, नारळाचं दूध, लसूण, मिरची, एवढाच खेळ. पण नारळाचं दूध जेवणाआधी काढलेलं असावं लागतं. सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवलेली कढी वर साय धरते आणि खाली लाल पाणी राहतं. अकरापैकी सहा घरांत ती दर वेळी ताजी मिळाली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी दोन ठिकाणी माझ्यासमोर बाटलीतलं गुलाबी सरबतासारखं काहीतरी आलं. दारात कोकमाचं झाड होतं, हे विशेष.

उत्तरेकडे गोष्ट वेगळी. दापोली, गुहागर भागात मी ज्या घरांत उतरलो ती बहुतेक शाकाहारी. सुपारी-नारळाच्या वाडीत घर, पाटाचं पाणी खळखळतंय, आणि जेवायला कुळथाचं पिठलं, डाळिंबी उसळ, फणसाची भाजी. हर्णैचं काम आटोपलं की दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवायची आणि धोपाव्याला उतरून गुहागर गाठायचं. नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. पहिल्यांदा मी नाक मुरडलं होतं. समुद्राकाठी येऊन पिठलं? पण मार्चमध्ये गुहागरला ओल्या काजूगरांची उसळ खाल्ली आणि गप्प बसलो. ओला गर सोलताना चिकानं बोटांची सालं निघतात, त्या घरच्या वहिनींच्या बोटांवर काळे डाग होते. वाटीभर उसळीमागे किती सोलायला लागतं ते त्यांनी दाखवलं, तेव्हा थाळीला ३०० रुपये मला कमीच वाटले. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले तरच मिळतात आणि मोजून मिळतात. सकाळी मऊ भात, तूप, मेतकूट, पोह्याचा पापड. सकाळी मिसळीशिवाय जमत नाही असं मानणारा मी, त्या न्याहारीवर दुपारी दोनपर्यंत काम केलं.

उकड्या तांदळाशी मात्र माझं जमायला तीन महिने लागले. जाडा, लालसर, गिळताना वेगळा लागतो. आता घरी बासमतीबरोबर माशाची आमटी खाल्ली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, बिघडलात.

खोल्यांबद्दल गोड बोलायचं कारण नाही. बहुतेक ठिकाणी चिऱ्याची भिंत, पत्र्याचं किंवा कौलाचं छप्पर, गाद्या पातळ. देवबागला नळाच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. बाथरूमचा उतार मोरीकडे नसून दाराकडे, हा प्रकार चार घरांत पाहिला, बहुधा गवंडी एकच असावा. गरम पाणी कुठे सोलर, कुठे बंबातलं, आणि बंबातलंच बरं. मे महिन्यात पंख्यावर भागत नाही. शनिवारी-रविवारी शेजारच्या खोलीत आठ-दहा जणांचा ग्रुप स्पीकर घेऊन आला की जेवण कितीही चांगलं असो, झोपेचं खोबरं. मी शक्यतो सोमवार ते गुरुवार राहिलो. तोटा एवढाच की सोमवारी आणि गुरुवारी काही घरांत मासळी शिजत नाही, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर विचारूही नका. मी एकदा विचारलं. उत्तर आलं नाही, वरण-भात आला.

पैशांचं: साधी खोली मला १,२०० ते १,८०० रुपयांत मिळाली, एसी २,५०० च्या आसपास. बांगडा थाळी २००-२५०, सुरमई थाळी ४०० पर्यंत. नाताळच्या आठवड्यात आणि मे महिन्यात हेच दर दीडपट-दुप्पट. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत मालवण परिसरात खोली मिळेल ही आशाच सोडा. आगाऊ पैसे सगळीकडे फोनवरून मागतात, दिले की एक स्क्रीनशॉट ठेवावा. मे महिन्यात एका गाजलेल्या किनाऱ्यावरच्या जागेनं माझी खोली जास्त पैसे देणाऱ्याला दिली आणि ॲडव्हान्स परत करायच्या ऐवजी 'पुढच्या वेळी वळता करू' असं सांगितलं. पुढची वेळ आणायचीच म्हणून जूनमध्ये गेलो.

आणि तिथेच या सगळ्या अनुभवाचा खरा भाग सुरू होतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ६१ दिवस. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून बर्फाला गिऱ्हाईक नाही, म्हणून कारखाने बंद, म्हणून आमच्या दुरुस्तीचा हंगाम. पर्यटक ज्या दिवसांत येत नाहीत नेमक्या त्याच दिवसांत माझा मुक्काम सगळ्यात जास्त पडला. तर त्या गाजलेल्या जागी १२ जूनला, बाहेर समुद्र वेड्यासारखा उसळतोय आणि फलकावर खडूनं लिहिलेलं, 'आजची ताजी सुरमई'. मी विचारलं, कुठली? म्हणाला, आजचीच. मी म्हटलं, मी बंदरावरच्या बर्फ कारखान्यातून आलोय. तो हसला आणि आत गेला. तुकडा आला तो वर म्हटल्याप्रमाणे कापूस. माझे पैसे 'वळते' झाले, हिशेब मिटला.

याच आठवड्यात देवबागला काकींनी संध्याकाळी विचारलंच नाही काय खाणार. जे होतं ते वाढलं. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा, त्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब. बाहेर धो धो, लाइट गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात मी तीन वेळा भात घेतला. दुसऱ्या दिवशी कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खाडीतले. त्या खाताना कोणी बोलत नाही, बोलायला तोंड रिकामं नसतं. मग टाकळ्याची भाजी, भारंगी, फागलां, सोड्यांचं कालवण, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, एकदा तवशाचं धोंडस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत त्या घरात मी सतरा जेवणं जेवलो आणि एकही पदार्थ चौथ्यांदा आला नाही. गुहागरच्या घरीही तेच: पहिल्या पावसानंतर शेवळांची भाजी होती, घशाला खाज येऊ नये म्हणून काकडं, म्हणजे काकड झाडाची रानफळं, घालून केलेली. वहिनींनी वाढताना स्वतः आधी घास खाऊन दाखवला.

पावसाळ्यातली खोली मात्र सहन करावी लागते. चादर वाळत नाही, शेगडीवर धरून सुकवलेल्या चादरीला धुराचा वास येतो. भिंतीला ओल येते आणि बॅगेतला शर्ट हिरवट होतो. पहिल्या जोरदार पावसात सलग दोन रात्री वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती, कंपनीला वाटलं मी पळालो. बाथरूममध्ये बेडूक. त्याला बाहेर काढायचा प्रयत्न दोनदा केला, नंतर त्याचं तो, माझं मी. लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं माणूस बरोबर असेल तर जून-जुलै टाळा. एकटे असाल आणि जेवणासाठीच जाणार असाल तर हेच दोन महिने निवडा. खोलीचे दर निम्मे असतात आणि सगळं स्वयंपाकघर तुमच्या एकट्यासाठी.

नवं घर शोधताना मी आता फोनवर एसी आहे का, समुद्र दिसतो का, हे विचारत नाही. विचारतो, 'मासळी नसली तर जेवायला काय?' जो 'पनीर आहे ना' म्हणतो त्याचा नंबर ठेवत नाही. एकानं सांगितलं, 'घरात आम्ही खातो तां.' तिथे पुढच्या हिवाळ्यात जाणार आहे.

माझा पट्टा आता बदललाय, तरी परवा देवबागला फोन केला. ऑगस्टात बोटी बाहेर पडल्या की या म्हणतील असं वाटलं होतं. पण चतुर्थीला मुंबईची सगळी मंडळी येणार, घर भरलेलं, अनंत चतुर्दशी होईपर्यंत खोली नाही म्हणाल्या. मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता त्यांनीच विचारलं, झाडाला यंदा तिरफळां बरीच लागली आहेत, सुकली की पाववाटी ठेवू काय?