हॅशसाठी मूळ संख्या निवडताना: १०^९ + ७ की २^६१ − १?

मजकुराचा बहुपदी हॅश, म्हणजे प्रत्येक अक्षराचा अंक एका ठरलेल्या संख्येच्या (पायाच्या) वाढत्या घातांनी गुणून केलेल्या बेरजेची बाकी, काढताना कोणत्या मूळ संख्येने भागून बाकी घ्यायची, हे बहुतेक जण सवयीने ठरवतात आणि १०^९ + ७ लिहून मोकळे होतात. मीही अनेक वर्षे तेच केले. ती संख्या मुळीच वाईट नाही. दोन बाक्यांचा गुणाकार ६४ बिटांत निर्धास्त मावतो, आणि १०^९ म्हणजे −७ असे धरता येत असल्यामुळे उत्तर कागदावरही पडताळता येते. ३०००००००५० मध्ये शेवटच्या नऊ अंकांचे ५० होतात, त्यातून उरलेल्या ३ ची सातपट वजा केली की बाकी २९. शिवाय तिच्यातून १ वजा करून निम्मे केले तर ५०००००००३ ही मूळ संख्याच मिळते. त्यामुळे १ आणि −१ वगळता कोणताही पाया घेतला, तरी त्याच्या घातांचे चक्र पन्नास कोटींहून लांबच असते.

माझे मन उतरले ते एका त्रासामुळे. दोन लाख अक्षरांच्या मजकुरातील ठरावीक लांबीचे वेगवेगळे तुकडे मी मोजत होतो आणि उत्तर अठराने कमी येत होते. पाया बदलला की तूट बदले, पण राही वीसच्या आसपासच. कोडमधील चूक शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि चूक तिथे नव्हतीच. दोन लाख तुकड्यांच्या जोड्या वीस अब्ज होतात. खण, म्हणजे शक्य असलेल्या बाक्या, एक अब्जच असतील तर वीसेक टकरी (वेगळ्या तुकड्यांचा एकच हॅश) व्हायच्याच. दोन वेगळ्या मूळ संख्या घेऊन हॅशची जोडी करता येते, परंतु मग प्रत्येक ओळ दोनदा लिहावी लागते आणि कुठेतरी जोडीतला दुसरा भाग तपासायचा राहतो.

२^६१ − १ मध्ये हा त्रास मला पुन्हा झालेला नाही. ही एकोणीस अंकी मर्सेन संख्या (२ च्या घातातून १ वजा केलेली) मूळ असल्याचे रशियन गणिती पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये सिद्ध केले. ज्यांचे नाव या संख्यांना मिळाले, त्या मर्सेनच्या स्वतःच्या यादीत ६१ हा घातांक नव्हता. २^६१ ची बाकी १ येत असल्यामुळे इथे भागाकार लागतच नाही: वरचे बिट खाली सरकवून खालच्या ६१ बिटांत मिळवले की काम झाले. लहान रूप पाहायचे तर ३१ (२^५ − १) घ्यावा. १०० म्हणजे द्विमान पद्धतीत ११००१००, त्याचे ११ आणि ००१०० असे भाग, ३ अधिक ४, बाकी ७.

गुणाकाराला १२८ बिट लागतात, आणि आपल्या प्रोग्रामिंग भाषेत ती सोय नसेल तर जुनी संख्या कदाचित बरी वाटेल. सोय असेल, तर मी मर्सेनच घेईन. मात्र पाया २५६ ठेवू नये. २ चे घात ६१ पायऱ्यांत १ वर परततात आणि २५६ त्यांच्यातलाच एक. त्यामुळे ६१ घरे अंतरावरील दोन अक्षरांची अदलाबदल केली तरी हॅश तोच राहतो. पाया प्रत्येक वेळी यादृच्छिक निवडावा.