औषधे चोख, पण बिलासाठी मोबाइल क्रमांक कशाला?

पुण्यात आमच्या घराजवळ औषधांच्या एका मोठ्या साखळीची शाखा आहे आणि गेली २ वर्षे आईची मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे मी तिथूनच घेतो. इन्सुलिन बर्फाच्या पाकिटासह देतात, मुदत संपत आलेली पट्टी माथी मारत नाहीत आणि फार्मासिस्ट बाई डॉक्टरांची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचतात. या बाबतीत दुकानाला नाव ठेवायला जागा नाही.

माझा आक्षेप आहे तो बिलाच्या काउंटरवर. मोबाइल क्रमांक सांगितल्याशिवाय बिल निघत नाही, असे तिथे ठामपणे सांगतात. क्रमांक दिला की १० टक्के सवलत मिळते. मी तो पहिल्याच दिवशी देऊन टाकला. काही महिन्यांनी साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि मधुमेहींचा आहार यांच्या जाहिराती माझ्या फोनवर येऊ लागल्या. त्यांतील काही या दुकानाच्या नव्हत्याच. त्या कोठून आल्या, हे मला सिद्ध करता येणार नाही.

औषधविक्रीची नोंद असूच नये, असे माझे म्हणणे नाही. अनुसूची एच-१ मधील औषधे, म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे वगैरे, विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वहीत लिहून ती वही ३ वर्षे जपणे २०१४ पासून बंधनकारक आहे. त्या नोंदीला कारण आहे, मुदत आहे, आणि तिच्यात मोबाइल क्रमांक मागितलेला नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही बिलासाठी क्रमांकाची सक्ती करू नका, असे विक्रेत्यांना कळवले होते. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने आणि विनाअट दिलेली असावी लागते.

“अहो, नंबर दिल्याने काय बिघडते? तो सगळ्यांकडे असतोच,” असे रांगेतील एक आजोबा मला म्हणाले, आणि बहुतेकांना तसेच वाटते. एका बिलावरून खरोखरच काही कळत नाही. परंतु २ वर्षांची बिले एका क्रमांकाखाली जमली, की आजार कोणता, मात्रा कधी वाढली, औषध मध्येच का थांबले, हे सारे दिसू लागते, आणि लाखो घरांची अशी बिले विमा कंपनीच्या किंवा कर्ज देणाऱ्याच्या हाती पडली तर काय होईल, याचा विचार रांगेत उभे राहून कोणी करत नाही. मानसिक आजाराच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एका तरुणीला आपला क्रमांक सर्वांसमोर दोनदा मोठ्याने सांगावा लागला, ते मला फार लागले.

गेल्या महिन्यात मी क्रमांक द्यायला नकार दिला. थोड्या वादानंतर यंत्रात १० शून्ये भरून बिल निघाले. सवलत मात्र गेली. जुनी नोंद पुसण्यासाठी मुख्य कार्यालयाला लिहिलेल्या पत्राला अद्याप उत्तर नाही. औषधांसाठी ५ पैकी ४ गुण, ग्राहकाच्या माहितीच्या हाताळणीसाठी १.